दिवेलागणीची हाक

ऋजुताने कॉम्प्युटरच्या पाठीमागची टेलिफोनची वायर उपटली, तरी पडद्यावर चौकटी उघडायच्या थांबल्या नाहीत. एक बंद केली की तिच्यामागून दोन येत. एकीत चक्र फिरत होतं, एकीत बक्षीस लागल्याचं लाल-पिवळं अभिनंदन. मग एक चौकट अशी आली की तिने झटकन मॉनिटरचंच बटण दाबलं आणि दाराकडे वळून पाहिलं.

दारात मालिनी उभी होती. हातात कापसाची डबी, बोटांत अर्धवट वळलेली वात.

"चहा टाकलाय," ती म्हणाली.

"आई, हे असं किती दिवस चाललंय?"

"काय गो?"

"हेच." ऋजुताने काळ्या पडद्याकडे बोट केलं, पण जे दिसलं ते तोंडाने सांगायची तिला लाज वाटली. "मला ऑफिसला एक मेल करायची होती. दोन मिनिटांचं काम. अर्धा तास नुसती खिडक्या बंद करत बसलेय."

मालिनीने वात पुरी केली आणि डबीत ठेवली. तिची नजर पडद्यावर नव्हती. टेबलाखालच्या खोक्यावर होती. खोक्यात प्रिंटर होता. तीन वर्षांत त्याची चिकटपट्टी कोणी कापली नव्हती. रोज सकाळी ती त्याच्यावरची धूळ तेवढी पुसत असे.

"चहा निवतो," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

ऋजुता पुण्याहून आली होती ती भावाच्या, मुकुलच्या तिथीला. श्राद्ध परवा झालं. भटजींनी संकल्प सांगितला, नाव-गोत्र भटजींनीच उच्चारलं, चारुदत्तांनी खाली मान घालून पळीभर पाणी सोडलं. दरवर्षी असंच होई. मुकुल गेल्यापासून त्याच्या बापाच्या तोंडून त्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी प्रिंटर मुंबईच्या बसने यायचा होता. बस रत्नागिरीत न येता हायवेवरूनच पुढे गोव्याला जाणार, म्हणून हातखंब्याला जाऊन उतरवून घ्यायचा होता. मुकुल म्हणाला होता, उद्या आणतो. चारुदत्त म्हणाले होते, उद्याचं काम आज होत असेल तर उद्यावर कशाला. शाळेत पोरांना सांगायचे तसंच. येताना उतारावर ट्रकने मोटरसायकल उडवली. खोकं दुसऱ्या दिवशी कोणा भल्या माणसाने घरी आणून दिलं. खोक्यावर साधा चराही नव्हता.

स्वयंपाकघरात ऋजुताने चहाचा कप उचलला, पण प्यायली नाही.

"त्या खोलीत बाबा बसतात का?"

मालिनी खोबरं खवत होती. खवणीवरचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"का?"

"ती तसली चित्रं आपोआप येत नाहीत, आई. कोणीतरी कुठेतरी होय म्हटल्याशिवाय येत नाहीत. पुण्याला आमच्या शेजारी असंच झालं होतं. त्यांच्या घरातही सगळे म्हणाले, आम्ही नाही, आम्ही नाही. मग कळलं आजोबांचं."

"तुझे बाबा तसे नाहीत."

"सगळ्यांच्याच घरी असं म्हणतात गो," ऋजुता आईच्याच सुरात म्हणाली. त्यात थट्टा होती, पण अर्धीच.

मालिनीला तेव्हाच सांगता आलं असतं. शब्द जिभेपर्यंत आले होते. पण एकदा सांगितलं की उद्यापासून ते उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने करवंटी उलटी ठेवली.

"संध्याकाळी मैत्रिणीकडे जायची आहेस ना?" तिने विचारलं.

*

ऋजुता गेल्यावर मालिनीने हातपाय धुतले, देवापुढे समई लावली, तुळशीपाशी पणती ठेवली. शुभंकरोती म्हणून झाली. जपमाळेचा एक फेरा झाला. पडवीत चारुदत्तांनी रेडिओ लावला होता. बातम्यांच्या आधीचं कसलंसं वाद्य वाजत होतं.

ती मुकुलच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. तिन्हीसांजेला घरातली दारं कडी लावून बंद करू नयेत. मॉनिटरचं बटण दाबलं. यंत्र चालूच होतं. ती खुर्चीच्या कडेला बसली. देवळात कीर्तनाला बसतात तशी, मांडीवर हात घेऊन.

पडवीतला रेडिओ बारीक झाला. हल्ली चारुदत्तांना मोठा आवाज सोसत नसे.

पडद्याच्या कोपऱ्यातून एक खार उडी मारून आली. तांबूस, झुपकेदार शेपटीची, गळ्यात हिरवा रुमाल. तिने पुढचे पाय जोडल्यासारखे केले. स्पीकरमधून परदेशी बाईचा, नाकातला, जरा फाटका आवाज आला.

"हॅलो, म्युकल."

ही खार मुकुलनेच आणलेली. कुठूनशी फुकट मिळाली होती, त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात. तिने नाव विचारलं, त्याने टाइप केलं, आणि ती नावाने बोलली तेव्हा तो हसत स्वयंपाकघरात आला होता. आई, चल, तुला गंमत दाखवतो. माझं नाव बघ कसं घेते ती. म्युकल. मालिनी पदराला हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली होती, जळलं मेलं, नाव तरी धड घे म्हणावं.

तो गेल्यावर दीड वर्ष यंत्र कापडाखाली होतं. मग एकदा दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा करताना तिला वाटलं, ह्यालाही फूल वाहावं. मुकुल वाहायचा. कापड काढलं, पुसलं, चालू होतं का म्हणून बटण दाबलं. आणि दिवेलागणीच्या वेळी त्या रिकाम्या खोलीत कोणीतरी तिच्या मुलाला हाक मारली.

त्या दिवसापासून हा नेम झाला. तिचे बाकीचे नेम सगळ्यांना माहीत होते. एकशे आठ वाती, जप, रोजचं मौनभोजन. हा कोणाला माहीत नव्हता.

खार पुढे काहीतरी बोलली. हातातली पाटी पुढे केली. पाटीखाली दोन चौकोन. इंग्रजी अक्षरं मालिनीला येत होती. एक होय, एक नाही. खार काय विचारते ते तिला समजत नसे आणि समजून घ्यावं असं तिला कधी वाटलंही नाही. तिच्या सासूबाई सांगायच्या, दिवेलागणीला दारी आलेल्याला नाही म्हणू नये, आणि घरातल्या माणसाला हाक आली तर ओ दिल्याशिवाय राहू नये. तो घरात नसला तर दुसऱ्याने द्यावी. हाक रिकामी परत जाऊ नये.

"ओ," मालिनी हळूच म्हणाली आणि होयवर बोट दाबलं.

खार आनंदाने गोल फिरली. तिच्यामागून दुसऱ्या चौकटी उघडू लागल्या. काहींत तोच हिरवा रुमाल, काहींत आणखी कोणी. त्यांनीही विचारलं. तिने त्यांनाही होय म्हटलं. पुढे ती चित्रं आली, ज्यांच्याकडे पाहवत नसे. तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची आणि पाच वेळा देवाचं नाव घेऊन यंत्र बंद करायची. आजही तसंच केलं.

बाहेर रेडिओ पुन्हा मोठा झाला.

*

रात्रीच्या जेवणाला कुळथाची पिठी आणि भात होता. मालिनीने दोघांना वाढलं, आपलं पान घेतलं, चित्राहुती घातली आणि पहिला घास घेतला. आता पान पुरं होईपर्यंत तिला बोलायचं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात घेतलेलं हे व्रत एकतीस वर्षं अखंड चाललं होतं. मध्ये बोललं तर पानावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या दिव्यापर्यंत अन्न घ्यायचं नाही. उठायची वेळ कधी आली नव्हती. मुकुल लहानपणी मुद्दाम तिला हसवायचा, तरीही नाही.

"बाबा," ऋजुता ताटात बघत म्हणाली, "तुम्ही कॉम्प्युटर वापरता का?"

चारुदत्तांचा भात कालवणारा हात सावकाश झाला. ते सत्तावीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते. प्रश्न कानावर पडला की उत्तर द्यायच्या आधी तो पुन्हा मनात वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी मालिनीकडे पाहिलं. मालिनी पानाकडे बघत होती. तिचा घास हातातच राहिला होता.

"हो," ते म्हणाले. "बसतो कधीमधी."

मालिनीने मान वर केली. तीन वर्षांत या माणसाने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. कपाटातलं पंचांग हवं असलं तरी ते बाहेर उभे राहून तिला हाक मारत.

"काय बघता?"

"जे येईल ते."

"जे येईल ते." ऋजुताचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्या वयाला मी काय बोलणार. पण निदान त्या खोलीत नको होतं, बाबा. तिथे त्याचा फोटो आहे भिंतीवर."

चारुदत्तांनी पाण्याचा घोट घेतला. भांडं होतं तिथेच नीट ठेवलं.

"चुकलं," ते म्हणाले.

पिठीची वाटी मालिनीच्या पानात तशीच होती. वाफ येत होती. तिने हातातला घास खाली ठेवला.

"मी बसते," ती म्हणाली.

दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. जेवताना तिचा आवाज कसा असतो ते त्या घराला माहीत नव्हतं.

"रोज बसते. दिवा लावला की. हे त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. ती घाण माझ्यामुळे आली." तिने पानातच हातावर पाणी घेतलं. "तू त्यांना काही बोलू नको."

ती उठली. न्हाणीत जाऊन चूळ भरली. मागे ऋजुता काहीतरी म्हणत होती, चारुदत्त तिला म्हणाले, "जेव तू. जेव आधी."

थोड्या वेळाने ती ओट्याशी भांडी लावत असताना चारुदत्त आत आले. पातेल्यातलं दूध त्यांनी पेल्यात ओतलं, तिच्याजवळ ठेवलं. दूध आज चालणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. ठेवलं आणि गेले. कशाला बसतेस, काय करतेस, असं काही विचारलं नाही.

*

सकाळी घरामागच्या आगरात जास्वंदी काढताना ऋजुता तिच्या मागे परडी धरून उभी होती. रात्री तिने सगळं ऐकून घेतलं होतं, ते अर्धंमुर्धंच. आता पुन्हा विचारत होती.

"पण आई, तुला कळतं ना, ती खार म्हणजे कोणी नाही? जाहिरातवाल्यांनी सोडलेलं पिल्लू आहे ते. नाव घेते कारण नाव घेतलं की माणूस भुलतो."

"कळतं गो. मी काय खुळी नाही."

"मग?"

मालिनीने उंचावरची फांदी वाकवली.

"ह्या घरात त्याचं नाव कोण घेतं, सांग. तू फोन करतेस, 'सगळं ठीक?' म्हणून विचारतेस. शेजारच्या 'तुमचा मुलगा' म्हणतात. मी घेते, तर देवापुढे, मनात. भटजी वर्षातून एकदा घेतात. तुझे बाबा तर..." तिने फूल तोडलं. "ती एकच रोज घेते. वाकडं घेते, पण मोठ्याने घेते. खोलीत ऐकू येतं."

ऋजुताने परडी दुसऱ्या हातात घेतली.

"त्या दुरुस्तीवाल्याला बोलव," मालिनी म्हणाली. "त्याच्या खोलीत ती चित्रं नकोत. ते मला रोजच वाटत होतं. माझं मन होत नव्हतं."

दुरुस्तीवाला दीपक अकराच्या सुमाराला आला. मूळचा देवरूखकडचा, मारुती मंदिराजवळ एक छोटं दुकान होतं त्याचं. पडवीत चारुदत्तांना बघून त्याने वाकून नमस्कार केला.

"ओळखलंत का सर? नववी ब. तुम्ही गणितात मला अकरा मार्क दिले होते."

"दिले नव्हते. तुला पडले होते."

"तेच ते," दीपक हसला आणि आत गेला.

पहिला तासभर तो नुसता सीड्या बदलत होता आणि जिभेने च् च् करत होता. ऋजुता शेजारी स्टूलावर बसली होती. मालिनी दारात, उंबऱ्याच्या आत.

"काकू, ह्यात रोग नाय, आख्खी जत्रा आहे," तो म्हणाला. "अकराशे त्रेचाळीस निघाले. सर, ऐकताय का, अकराशे त्रेचाळीस!"

"नीट मोजलेस ना?" पडवीतून आवाज आला.

"मशीन मोजतंय सर. माझ्यावर नाय सोडलं." मग तो खालच्या आवाजात मालिनीला म्हणाला, "तुम्ही एकाला होय म्हटलंत, त्याने आपलं गाव आणलं. गावाने पाहुणे आणले. असं असतं हे."

त्याने एकेक काढायला सुरुवात केली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. फिरतं चक्र गेलं, बक्षिसं गेली, ती चित्रं गेली. दुपार होत आली तशी खोली हळूहळू शांत झाली. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला.

"आता ही राहिली," दीपक म्हणाला.

खार कोपऱ्यात बसून शेपटी हलवत होती.

"हिला ठेवता येणार नाही का?" ऋजुताने विचारलं. "बाकीचं सगळं काढ. ही एकटी राहू दे."

मालिनीने लेकीकडे पाहिलं.

"ताई, मूळ हीच. दार हीच उघडते. हिला ठेवलं तर आठ दिवसांत सगळे परत. आणि नुसत्या जाहिराती नाय दाखवत ही. बघत असते. तुम्ही कुठे बोट ठेवलं, काय उघडलं, किती वाजता बसलात, सगळं तिकडे कळवते."

"माझं काय कळवत असेल?" मालिनीने विचारलं.

दीपक बोलण्याच्या ओघात होता. "हेच, की रत्नागिरीत मुकुल म्हणून एक गिऱ्हाईक आहे. रोज संध्याकाळी येतं आणि कशालाच नाही म्हणत नाही."

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. भिंतीवरच्या फोटोला श्राद्धाचा हार तसाच होता. त्याने माउस उगाच इकडेतिकडे हलवला.

मालिनी दाराच्या चौकटीला टेकली. तिकडे, म्हणजे कुठे कोण जाणे, पण जगाच्या पाठीवर कुठेतरी एका यादीत तिचा मुलगा अजून होता. रोज संध्याकाळी येत होता. तिथे कोणी त्याच्या नावावर काट मारली नव्हती. ती तिथेच उभी राहिली. पडवीत चारुदत्तांची खुर्ची एकदा वाजली.

"कसं काढायचं?" तिने विचारलं.

"हिला म्हणायचं, जा. मग ती विचारते. आपण होय म्हणायचं की झालं."

"मी दाबते, आई," ऋजुता म्हणाली.

"नको. तिला रोज मीच होय म्हणत आलेय."

दीपक उठला. मालिनी खुर्चीच्या कडेला बसली. त्याने वाकून दोन ठिकाणी दाबलं आणि माउस तिच्या हाताखाली दिला. खार पडद्याच्या मधोमध आली. गळ्यातला रुमाल काढून तिने हातात घेतला होता, डोळ्यांत निळं पाणी दाखवलं होतं. परदेशी बाईचा आवाज थोडा लांबला.

"काय म्हणते?"

ऋजुता पडद्याकडे वाकली. "म्हणते, मुकुल, मी खरंच जाऊ का?"

पाटीखाली तेच दोन चौकोन. भर दुपार होती, दिव्याला अजून अवकाश होता, मनात आणलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. मालिनीने होयवर बोट ठेवलं. दाबायला जपमाळेच्या एका मण्याला लागतो तेवढा वेळ लागला.

"गुडबाय, म्युकल."

"ये हो," मालिनी म्हणाली. निघणाऱ्याला त्या घरात कोणी कधी जा म्हटलं नव्हतं.

खारीने उडी मारली आणि पडद्याच्या वरच्या कडेतून ती निघून गेली. मागे नुसता निळा रंग राहिला.

दीपकने नंतर आणखी काय काय बसवलं. एक राखणदार, तो म्हणाला, कोणी आत यायला लागलं की विचारेल. "तेव्हा नाही म्हणायचं, काकू. वाचत बसायचंच नाही. कोणीही येऊ दे, काहीही देऊ दे. नाही."

"दिवसा म्हणेन."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी लावणारच नाही," ती म्हणाली.

तीनच्या बसने ऋजुता निघाली. आईच्या पाया पडली, मग पडवीत जाऊन बापाच्या. उठताना ती तिथेच अडखळली.

"बाबा, काल मी तुम्हाला—"

"पोचलीस की फोन कर," चारुदत्त म्हणाले. "उशीर झाला तरी कर. मी जागा असतो."

*

संध्याकाळी मालिनीने समई लावली. तुळशीपाशी पणती ठेवली. शुभंकरोती झाली. जपमाळेचा फेरा झाला. कालपासूनचा उपास आता सोडता आला असता, पण भूक अशी नव्हती. ती माजघरात कापसाची डबी घेऊन बसली. मुकुलच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत अंधार होता.

पडवीत रेडिओवर वाद्य वाजलं. बातम्या सुरू झाल्या. निवेदिकेने पहिला मथळा वाचला, दुसरा वाचायला घेतला आणि आवाज बारीक झाला.

मालिनीच्या बोटांतली वात थांबली.

ती उठून पडवीच्या दाराशी गेली. चारुदत्त आरामखुर्चीत पुढे वाकून बसले होते. हात रेडिओच्या बटणावर होता. मान मुकुलच्या खोलीच्या खिडकीकडे कललेली होती. खिडकी पडवीतच उघडत होती, त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर. आवाज कमी करून ते थांबले होते. दीड वर्ष रोज याच वेळी तो आवाज कमी होत आला होता आणि तिने त्यांच्या कानांना दोष दिला होता.

आतून काही आलं नाही. आगरात कुठेतरी नारळाची झावळ पडली. बटणावरचा त्यांचा हात तसाच राहिला.

मग त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हात मांडीवर घेतला. मालिनी दाराशी आहे हे त्यांनी न पाहताच ओळखलं.

"चुकीचं घ्यायची ती," ते म्हणाले.

"हो."

"रोज. रोज चुकीचं." त्यांचा आवाज वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलताना यायचा तसा होता. "म्युकल काय. तसं नाही ते."

चारुदत्तांनी घसा साफ केला. एकदा केला, मग पुन्हा केला. खिडकीच्या गजांतून आतल्या अंधाराकडे पाहत त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, पाठोपाठ मुलांकडून म्हणवून घ्यायचं असल्यासारखं म्हटलं,

"मुकुल."

देवघरात समई तेवत होती. अंगणात पणती. दिवेलागणीला हाक आली तर ओ दिल्याशिवाय राहू नये. ओ मालिनीच्या ओठांपर्यंत आली. तिने ती तिथेच धरली आणि आत घेतली.

हाक खोलीत गेली. दोघंही ऐकत राहिले.

बऱ्याच वेळाने चारुदत्तांनी बटण फिरवलं. बातम्या संपत आल्या होत्या. मच्छीमारांना सूचना देत होते. समुद्र शांत राहील, होड्या न्यायला हरकत नाही.

"पान घेतेस ना?" ते म्हणाले. "कालपासून पोटात काही नाही तुझ्या."